दोन पाचशेची बाळं

मी बीड जिल्ह्यात गटप्रवर्तक आहे. माझ्या हाताखाली गावोगावच्या २१ आशा स्वयंसेविका. दर महिन्याला त्यांचे अहवाल गोळा करायचे, बेरजा जुळवायच्या आणि पीएचसीला, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राला, द्यायचे. बरीच वर्षं बेरीज जुळली की माझं काम झालं असंच मी धरून चालले होते.

एकदा नवजात बाळांच्या गृहभेटीचे फॉर्म चाळताना हात थांबला. ३४ बाळांपैकी १५ जणांचं जन्मवजन नेमकं अडीच किलो. २.४ कुणाचंच नाही. अडीचच्या आत असलं तर बाळ कमी वजनाचं धरतात, त्याला जादा भेटी द्याव्या लागतात. पुढची पानं बघितली तर तिसऱ्या दिवशी तेच वजन, सातव्या दिवशी थोडं जास्त. जन्मल्यावर पहिले काही दिवस बाळाचं वजन थोडं उतरतं, मग भरतं. आमच्या कागदावर एकही बाळ उतरलं नव्हतं. यातली किती बाळं खरोखर दोन किलोची असतील, या विचाराने त्या रात्री झोप लागली नाही.

मीटिंगमध्ये काही बोलले नाही. एकेकीच्या घरी गेले, जाताना किराणा दुकानातून मिठाच्या दोन पुड्या घेतल्या, एकेक किलोच्या. काट्याच्या झोळीत ठेवल्या. एका काट्याने दोन किलो तीनशे दाखवलं, दुसऱ्याने पावणेदोन. तीन काट्यांची स्प्रिंगच सैल झाली होती. काही जणी झोळी अडकवल्यावर काटा शून्यावर आणतच नव्हत्या, कारण ट्रेनिंगला ते एकदाच दाखवलेलं, तेही गर्दीत.

पण काटा चांगला असूनही अडीच लिहिणाऱ्या होत्याच. त्यातली एक माझ्यापेक्षा वयाने मोठी. चहा पिताना म्हणाली, "ताई, दोन दोनशे लिहिलं तर मीटिंगला सगळ्यांसमोर उभं करतेत. गरोदरपणी काय केलंस, विचारतेत. त्या बाईला खायला नव्हतं, ते मी कुठं लिहू?"

ते खरं होतं. तो प्रश्न विचारणाऱ्यांत मीही होते.

मग डॉक्टरांशी बोलले. कमी वजन का, हे मीटिंगमध्ये विचारायचं बंद करू. या आठवड्यात कोणत्या बाळाकडे जास्त वेळा जायचं, एवढंच विचारू. ते तयार झाले. बिघडलेले काटे बदलून मिळायला चार महिने लागले, तोवर दोघी-तिघींत एक काटा फिरवला. मी दर महिन्याला पाच बाळांच्या घरी स्वतः जाऊन पुन्हा वजन घ्यायला लागले, आशाला सोबत घेऊनच. तिला चोर पकडायला आल्यासारखं वाटू नये, याची काळजी जास्त घ्यावी लागली.

गृहभेटीची ही पद्धत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीच्या खेड्यांत उभी केली. तिथेही गावातल्या बायकाच बाळाचं वजन घेत होत्या. त्यांना जमलं ते आमच्या बायकांना जमेल, हे मी प्रत्येक भेटीत सांगत राहिले.

तिसऱ्या महिन्यात कमी वजनाची बाळं दोनवरून नऊवर गेली. वरून फोन आला, तुमच्याकडे एकदम काय झालं? मी रजिस्टर घेऊन गेले, जुने आणि नवे फॉर्म शेजारी शेजारी ठेवले. तासभर बोलणी खाल्ली, पण आकडा बदलला नाही. त्या नऊमध्ये एक मुलगी १ किलो ८०० ग्रॅमची होती. तिला वेळेत जिल्हा रुग्णालयात पाठवता आलं. आईच्या छातीशी बांधून ती वाढली.

ऊसतोडीचं मात्र अजून सुटलेलं नाही. दिवाळीनंतर अर्धं गाव कारखान्यावर जातं. नोंद इथली, बाळंतपण उसाच्या फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत. मागच्या हंगामात एका आशाने तिकडे बाळंत झालेल्या बाईला फोन करून बाळाचं वजन विचारलं, दोन किलो शंभर. मला म्हणाली, "ताई, हे कोणत्या रकान्यात लिहू? मी तर बघितलंच नाही." रकाना नव्हता. आम्ही समासात पेन्सिलीने लिहिलं, खाली तारीख टाकली, आणि कोल्हापूरकडच्या त्या गावातली आशा कोण आहे, ते शोधायला लागलो.