चौदा पावलं

शाळेत असताना मी हर्डल्स, म्हणजे अडथळ्यांची शर्यत, पळायचे. जिल्ह्याच्या पुढे कधी गेले नाही, पण डाव्या गुडघ्यावरचा व्रण अजून आहे. त्यामुळे टीव्हीवर ४०० मीटर हर्डल्स लागली की मी पावलं मोजत बसते. घरच्यांना हे वेड वाटतं.

फेम्के बोल मला अशीच सापडली, टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली. सगळे अमेरिकेच्या सिडनी मॅकलॉफलिनच्या ५१.४६ सेकंदांच्या विश्वविक्रमात गुंग होते आणि २१ वर्षांची ही उंच, काटकुळी डच मुलगी ५२.०३ मध्ये तिसरी आली. त्या जूनपर्यंत जगातला विक्रमच ५२.१६ होता! म्हणजे तो मोडूनही ब्राँझच. नशीब म्हणतात ते हेच.

दोन हर्डल्सच्या मध्ये ३५ मीटर असतात. बोल आधी त्यात पंधरा पावलं टाकायची, नंतर तिनं चौदा करायला घेतली. ऐकायला एकच पाऊल कमी. पण पावलं विषम असली की दर वेळी तोच पाय पुढे येतो; सम झाली की एक हर्डल उजव्यानं, पुढचं डाव्यानं. दमलेल्या शरीरानं, वळणावर. माझ्या गुडघ्याचा व्रण अशाच एका ‘दुसऱ्या’ पायाचा आहे, म्हणून सांगते.

ऑगस्ट २०२३, बुडापेस्टची जागतिक स्पर्धा. आपल्याकडे रात्रीचा एक वाजून गेलेला, मी मोबाइलचा आवाज बंद करून बघत होते. थोड्याच वेळापूर्वी दहा हजार मीटरमध्ये नेदरलँड्सचीच सिफान हसन शेवटाला पडली होती. मग मिश्र रिले, दोन पुरुष आणि दोन बायकांची. बोल सगळ्यांत पुढे, अमेरिकेची अ‍ॅलेक्सिस होम्स शेजारी येऊन भिडली, आणि रेषा समोर दिसत असताना बोल आडवी! बॅटन हातातून सुटलं, संघ बाद. मी एवढ्या जोरात ‘अगं!’ म्हणाले की नवरा उठून बसला.

पाच दिवसांनी ती ४०० हर्डल्सची विश्वविजेती झाली, ५१.७० मध्ये. आणि शेवटच्या दिवशी महिलांच्या रिलेत अखेरच्या काही पावलांत तिनं ब्रिटन आणि जमैका दोघींना गाठलं. मला विचाराल तर तिची सगळ्यांत मोठी शर्यत हीच, वैयक्तिक सोनं नव्हे.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला मिश्र रिलेत तिला बॅटन मिळालं तेव्हा संघ चौथा होता. तिनं सोनं आणलं. पण स्वतःच्या शर्यतीत पुन्हा ब्राँझ, ५२.१५. महिनाही झाला नव्हता स्वित्झर्लंडमध्ये ती ५०.९५ पळाली होती त्याला. ५१ सेकंदांच्या आत पळणारी ती जगातली दुसरीच बाई. पहिली कोण, हे सांगायला नकोच.

२०२५ मध्ये टोकियोला तिनं जागतिक सोनं राखलं, ५१.५४. मॅकलॉफलिन त्या वेळी साधी ४०० पळत होती, हेही खरं. आणि पुढच्याच महिन्यात बोलनं जाहीर केलं: हर्डल्स बंद, आता ८०० मीटर. पंचविसाव्या वर्षी, विश्वविजेती असताना!

‘बरं झालं, आता मोजायला काही नाही, झोपशील तरी,’ नवरा म्हणाला. आठशेला दोन फेऱ्या असतात, हे त्याला अजून सांगितलेलं नाही.