आठव्या फेरीपासून कडा का उचलल्या: वेणीच्या लोकरी गालिच्याची नोंद

लोकरी कापडाच्या पट्ट्यांची वेणी घालून, ती फेरीफेरीने आधीच्या फेरीला दोऱ्याने ओवत मी एक लंबगोल गालिचा करत आहे. मागच्या नोंदीत सात फेऱ्या पूर्ण झाल्याचे आणि गालिचा पाटासारखा सपाट बसल्याचे मी मोठ्या समाधानाने लिहिले होते. त्यानंतरच्या दोन आठवड्यांत आणखी तीन फेऱ्या ओवून झाल्या, आणि गेल्या रविवारी गालिचा टेबलावरून उतरवून जमिनीवर अंथरला तेव्हा त्याची परात झालेली होती. दोन्ही गोलाकार टोके जमिनीपासून दोन बोटे वर उचललेली होती, आणि तळव्याने दाबून धरली तरी हात काढताच ती पुन्हा उठत होती.

इस्त्रीने हे जाईल अशी आशा मी एक संध्याकाळ बाळगली. ओले फडके घालून वाफेची इस्त्री फिरवली, वर जाड पुस्तके रचून रात्रभर ठेवली. सकाळी पुस्तके उचलली आणि कडा जशाच्या तशा वर आल्या. किरकोळ फुगवटा वाफेने बसतो, हा माझाही अनुभव आहे; मात्र घेरच अपुरा असेल तर वाफ काहीही करू शकत नाही.

माझा पहिला संशय वळणांवर गेला. वेणी सात-अष्टमांश इंच रुंद असल्यामुळे दर फेरीला घेर साडेपाच इंचांनी वाढायला हवा. ही वाढ तिसऱ्या फेरीला जेवढी लागते तेवढीच तेराव्या फेरीलाही लागते, कारण त्रिज्या दर वेळी एका वेणीच्या रुंदीनेच वाढत असते. माझ्या वेणीचा एक वळसा, म्हणजे वेणीच्या कडेला पट्टी एकदा वळते तो भाग, ०.८ इंचाचा असल्याने फेरीमागे सात वाढी होतात; वाढ म्हणजे ओवताना नव्या वेणीचा एक वळसा सोडून देणे. त्या मी एका टोकाला तीन आणि दुसऱ्या टोकाला चार अशा घेते, पुढच्या फेरीत टोकांची अदलाबदल करते, आणि १२ इंचांच्या सरळ बाजूंवर एकही घेत नाही. नव्या वेणीचा वळसा सोडला त्या प्रत्येक ठिकाणी मी लाल दोऱ्याची खूण बांधते. खुणा मोजल्या, तर आठव्या, नवव्या आणि दहाव्या फेरीत त्या सातच्या सात होत्या.

मग चूक कोठे होती? तिसऱ्या दिवशी, उरलेली वेणी मांडीवर घेऊन बसले असताना, मी सहज दहा वळशांवर टेप धरला. सातव्या फेरीपर्यंतच्या करड्या वेणीचे दहा वळसे आठ इंच भरत होते आणि नव्या तपकिरी वेणीचे साडेसात. डोळ्यांना दोन्ही वेण्या सारख्याच दिसतात. करडे कापड जुन्या पुरुषी कोटाचे आहे, तर तपकिरी कापड पातळ फ्लॅनेलचे आहे. दोन्हींच्या पट्ट्या मी दीड इंचाच्याच फाडल्या होत्या, पण घडी घातल्यावर पातळ पट्टी बारीक होते, वेणी घट्ट बसते आणि वळसा आखूड होतो.

वळशामागे अर्ध्या दशांश इंचाचा हा फरक किती मोठा ठरतो, ते गणित मांडल्यावर मला कळले. सातव्या फेरीच्या ५७ इंचांच्या घेरात ७१ वळसे आहेत. त्यांत सात वाढी मिळवून आठव्या फेरीचे ७८ होतात. करड्या वेणीचे ७८ वळसे ६२ इंचांहून थोडे अधिक भरले असते. तपकिरी वेणीचे ते साडेअठ्ठावन्नच भरले. म्हणजे एकाच फेरीत जवळजवळ चार इंच घेर कमी पडला, आणि त्यातला काही भाग ज्या सरळ बाजूंकडे मी संशयाने पाहिलेही नव्हते तेथे गेला. घेर आवळला गेल्यावर टोकांना वर उठण्यावाचून मार्गच उरला नव्हता.

तिन्ही फेऱ्या उसवल्या आहेत. मेणाचा लिनन दोरा वापरल्याचे येथे सार्थक झाले: तो न तुटता सरळ निघाला आणि धुऊन पुन्हा वापरता येण्याजोगा राहिला. ज्यांनी मला स्वस्त नायलॉन दोरा सुचवला होता, त्यांना मी नम्रपणे सांगते की तो गाठीत घसरतो आणि लोकरीला कापतो. घडी घालणाऱ्या धातूच्या शंकूंबद्दलही माझे मत आता पक्के झाले आहे. जाड कापडाला ते ठीक आहेत, पण पातळ पट्टी त्यांच्यातून ढिली बाहेर पडते आणि मग हात नकळत वेणी अधिक आवळतो. यापुढे मी बोटांनीच घडी घालणार आहे.

आणखी एक तक्रार नोंदवते. हे फ्लॅनेल 'शंभर टक्के लोकर' म्हणून टपालाने आले होते. त्याच गठ्ठ्यातला हिरवा तुकडा गरम पाण्यात धुऊन ड्रायरमध्ये फिरवल्यावरही मुळीच आटला नाही, म्हणून त्याचा एक धागा जाळून पाहिला. लोकर जळताना केसांसारखा वास येतो आणि तिची राख बोटांत चुरते. या धाग्याचा मात्र कडक मणी झाला. तो तुकडा बाजूला ठेवला आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये राहूनही चांगले लोकरी कापड मिळवणे दिवसेंदिवस कठीण होत आहे. पेनसिल्व्हेनियातील वूलरिचची लोकरी कापडाची गिरणी २०१८ मध्ये बंद पडली, याची हळहळ मला प्रत्येक खरेदीच्या वेळी वाटते. त्यामुळे जुन्या कपड्यांच्या दुकानातील कोट आणि स्कर्ट हाच माझा मुख्य आधार राहिला आहे.

उपाय म्हणून पट्ट्या रुंद फाडायच्या ठरवल्या होत्या, पण सगळे फ्लॅनेल आधीच फाडून झाले आहे. म्हणून काल प्रत्येक पट्टीच्या घडीत करड्या कोटाची अर्ध्या इंचाची चिंधी आतून घालून हातभर वेणी घातली. दहा वळसे मोजले, तर नेमके आठ इंच! त्या क्षणी झालेला आनंद येथील जाणकारांना सांगावा लागणार नाही. या भरीव वेणीने आठवी फेरी आज पुन्हा सुरू केली आहे आणि पहिले वळण सपाट बसले आहे.

हे लिहीत असतानाच दुसरा विचार मनात आला आहे. आईने सोलापूरहून पाठवलेल्या काळ्या घोंगडीचा एक तुकडा कपाटात पडून आहे. शेवटच्या दोन फेऱ्या त्याच्या केल्या, तर काठ भारी होऊन जमिनीवर चांगला बसेल. मात्र घोंगडी जाड असल्याने तिचे वळसे लांब येतील, म्हणजे आताच्या उलट घेर जास्त होऊन कडेला झालर पडेल, आणि मला नव्या वेणीऐवजी गालिच्याच्या बाजूचे वळसे सोडावे लागतील. हातमागाची वीण फाडताना सुटते, तेव्हा आधी एक तुकडा गरम पाण्यातून काढून पाहते. त्याचे दहा वळसे किती इंच भरतात ते मोजल्याशिवाय कात्री लावणार नाही.