बावीस मीटरचा रस्ता

वर्गसमीकरण मांडून दिलं की मी अवयव झटपट पाडायचो. शाब्दिक उदाहरण आलं की मात्र हातपाय गळायचे. ‘एका आयताची लांबी रुंदीपेक्षा ७ मीटरने जास्त असून कर्ण १३ मीटर आहे’ एवढं वाचूनच पेन थांबायचं. बाईंचं म्हणणं एकच: आधी आकृती, मग क्ष. आकृती काढली की त्यातला काटकोन त्रिकोण दिसायचा, पायथागोरस लावला की क्ष² + ७क्ष − ६० = ०. मुळे, म्हणजे क्षच्या किमती, ५ आणि −१२. मग ‘परंतु लांबी ऋण नसते’ असं लिहून −१२ वर काट. हे वाक्य आम्ही इतकं घोटलं होतं, की गणित कळो न कळो, ते उत्तरात यायचंच.

त्या वाक्यानेच मला चाचणीत आपटवलं. ३० मीटर लांब, २० मीटर रुंद मैदान. आतल्या बाजूने चहूकडे सारख्या रुंदीचा रस्ता. मधे उरली ३३६ चौरस मीटर जागा. रस्त्याची रुंदी किती? (३० − २क्ष)(२० − २क्ष) = ३३६, म्हणजे क्ष² − २५क्ष + ६६ = ०. मुळे ३ आणि २२. दोन्ही धन! काट मारायला काही उरलंच नाही. मी ऐटीत लिहिलं, ‘३ मीटर किंवा २२ मीटर’.

पेपर परत आला तेव्हा शेजारी लाल पेनाने छोटंसं मैदान काढलेलं होतं आणि खाली प्रश्न: ‘२० मीटरच्या मैदानात २२ मीटरचा रस्ता? तोही दोन्हीकडून?’

मी वाद घातला. म्हटलं, ताळा जमतोय. बाईंनी तो फळ्यावर करायला लावला. ३० − ४४ = −१४, २० − ४४ = −२४, गुणाकार ३३६. खरंच जमत होता! वर्ग माझ्या बाजूने झाला. बाई म्हणाल्या, “समीकरणाला नुसता गुणाकार दिसतो रे. मैदान तुला दिसायला हवं.” मग समीकरणाच्याही वर त्यांनी लिहिलं: क्ष १० पेक्षा लहान. हे मी आधी लिहिलं असतं तर दोन गुण वाचले असते. (ते दोन गुण अजून सलतात.)

पुढच्या तासाला बाई कागदाचे तुकडे घेऊन आल्या. क्ष² + १०क्ष = ३९, नवव्या शतकातल्या अल-ख्वारिज्मी या गणितज्ञाचं उदाहरण. क्ष बाजूचा चौरस, त्याच्या दोन बाजूंना ५ रुंदीच्या दोन पट्ट्या. कोपऱ्यात खाच राहिली, ५ गुणिले ५ ची. ती भरली की ३९ + २५ = ६४, मोठ्या चौरसाची बाजू ८, क्ष ३. वर्गसमीकरण सोडवायच्या पूर्ण वर्ग पद्धतीत खरोखरच एक चौरस पूर्ण होतो, हे मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं. सूत्राने −१३ सुद्धा येतं, पण त्या कागदांत त्याला कुठेच जागा नव्हती.

कोपऱ्याचा तुकडा बाईंच्या हातात होता. तो बसवायला त्यांनी मलाच बोलावलं.