धोलावीरा ते अजरखपूर, आईसोबत

भुज, रात्रीचे साडेदहा

एकदाचं धोलावीरा, म्हणजे कच्छमधलं सिंधू संस्कृतीच्या काळातलं शहर, बघून झालं आणि ते आईसोबत बघितलं याचं फार समाधान वाटतंय, म्हणून झोपायच्या आधी लिहून काढते, घरी गेलं की कामात राहूनच जातं. गाडी पहाटे साडेपाचची होती. आई साडेचारलाच अंघोळ करून शाल गुंडाळून तयार. टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये सगळे मराठीच निघाले, सांगलीचं एक कुटुंब, नाशिकच्या तीन रिटायर्ड शिक्षिका, आणि आम्ही लातूरच्या मायलेकी. गाईड खडीर बेटावरचाच. धोलावीरा याच बेटावर आहे, चहूबाजूंनी रण. पहिल्या पाच मिनिटांत त्याने आईला "बा" म्हणायला सुरुवात केली आणि आईची कळी खुलली.

खावडा सोडलं की तो नवीन रस्ता लागतो, लोक ज्याला रोड टू हेवन म्हणतात. दोन्ही बाजूंना पांढरं रण. सगळ्यांनी उतरून फोटो काढले, आम्हीपण काढले, पण त्यावर मी फार लिहीत नाही, फोटो आहेतच.

धोलावीरा. २०२१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आलं तेव्हा पेपरमध्ये वाचलं होतं, तेव्हापासून डोक्यात होतं. साधारण इसवी सन पूर्व ३००० ते १५०० एवढा मोठा काळ इथे वस्ती होती. १९६७-६८ च्या सुमारास पुरातत्त्व खात्याच्या जगतपती जोशींनी ही जागा नोंदवली आणि मग १९९० पासून आर. एस. बिश्त यांच्या टीमने वर्षानुवर्षं इथे खोदकाम केलं. आमच्या गाईडचे वडील त्या खोदकामावर रोजंदारीला होते म्हणे, त्यामुळे तो दगड न् दगड घरच्या माणसाबद्दल बोलावं तसा सांगत होता. मोहेंजोदडो म्हटलं की आपल्याला विटा आठवतात, इथे मात्र सगळा दगड. पॉलिश केलेले खांबांचे तळखडे, इतके गुळगुळीत की लेथवर काढलेत असं वाटावं. उत्तरेच्या दरवाजात त्या काळातली पाटी सापडली, दहा अक्षरं, प्रत्येक अक्षर जवळजवळ ३७ सेंटीमीटर उंच, जिप्समचे तुकडे बसवून केलेलं, आणि आजपर्यंत ते कुणालाही वाचता आलेलं नाही. नाशिकच्या एक बाई म्हणाल्या, गावाचं नाव असेल हो, दुसरं काय असणार. असेलही.

पण मला खरं लिहायचंय ते पाण्याबद्दल. इथे पाऊस वर्षाला ३०० मिलिमीटरच्या आसपास, तोही एखाद्या वर्षी येतो, एखाद्या वर्षी दगा देतो. बारमाही नदी नाही. मनसर आणि मनहर असे दोन ओढे, पावसाळ्यात तेवढे वाहणारे, एक शहराच्या उत्तरेला एक दक्षिणेला. त्या लोकांनी या ओढ्यांवर बंधारे घालून पाणी वळवलं आणि तटबंदीच्या आत तलावांमागून तलाव खोदले. जमिनीला जवळपास १३ मीटरचा उतार आहे, तो असा वापरलाय की एक तलाव भरला की पाणी पुढच्यात जावं. पूर्वेच्या मोठ्या तलावाच्या काठावर आम्ही उभे राहिलो, खाली उतरायला दगडी पायऱ्या, एवढा खोल की खाली गेलेला माणूस एकदम छोटा दिसतो. बालेकिल्ल्यावर पडणारं पावसाचं पाणीसुद्धा वाया जाऊ द्यायचं नाही म्हणून खालून दगडी नाल्या काढल्यात, एक तर चांगली उंच आहे. पाच हजार वर्षांपूर्वी कुणीतरी बसून हे सगळं लेव्हल काढून आखलंय, आणि आपल्याकडे मात्र २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं होतं. जलदूत नाव होतं त्या गाडीचं, टीव्हीवर रोज दाखवायचे. आमच्या गल्लीत तेव्हा टँकर यायचा तर रात्री दोनला पण घागरी लायनीत लागलेल्या असायच्या. हे आठवून मला तिथे उभ्या उभ्या राग आला, कुणाचा ते नेमकं सांगता येणार नाही, पण आला.

आई बाकी सगळं शांतपणे ऐकत होती. बालेकिल्ल्यातल्या विहिरीपाशी आलो तेव्हा गाईडने काठाचा दगड दाखवला, बा, ये देखिये, रस्सी के निशान. दोर ओढून ओढून दगडात पडलेल्या खाचा. आई वाकली आणि बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "अगं, आपल्या आडाला पण असंच होतं की. डाव्या बाजूचा वळ जास्त खोल होता, माई डावखुरी होती ना." माई म्हणजे माझी आजी, आईची आई. औसा तालुक्यातलं आईचं माहेर, किल्लारीच्या जवळचं. तो आड आता नाही, ते गावच त्या जागेवर नाही. ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, आदल्या दिवशी गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. माई ढिगाऱ्यातून निघाली, धाकटी मावशी निघाली नाही. आई तेव्हा लातुरात सासरी होती. या विषयावर आई आपणहून कधी बोलत नाही, आज बोलली, तेही एका खाचेवरून सुरू झालं.

तिचं ऐकून गाईडनेही सांगितलं की या शहराच्या भिंतींमध्येसुद्धा भूकंपाच्या खुणा सापडल्यात. पडलेलं परत बांधलंय, काही ठिकाणी भिंती जाड केल्यात. आणि सगळ्यात शेवटी, मोठं शहर ओस पडल्यानंतर जे लोक इथे येऊन राहिले, त्यांनी चौकोनी घरं बांधलीच नाहीत, गोल बांधली. त्या घरांचे दगडी गोल पाये आजही दिसतात.

ही गोल घरांची गोष्ट मला तिथे तेवढी कळली नव्हती, ती कळली दुपारी जेवताना. परतीच्या वाटेवर खावड्याकडे एका घरी जेवण सांगितलेलं होतं, बाजरीचा रोटला, वांग्याचं भरीत, गूळ, आणि ताक तर पाहिजे तेवढं. जेवलो ते भुंग्यात. भुंगा म्हणजे इथलं गोल घर, मातीची जाड भिंत, वर शंकूसारखं गवताचं छप्पर, आत भिंतीवर मातीचं नक्षीकाम आणि त्यात आरशाचे तुकडे. आत इतकं गार होतं की आईने शाल परत काढली. त्या घरातल्या आजोबांनी सांगितलं की २६ जानेवारी २००१ ला शहरात सिमेंटच्या इमारती बसल्या पण त्यांच्या वाडीतला एकही भुंगा पडला नाही. हे मी आधीही वाचलं होतं, की त्या भूकंपात भुंगे चांगले टिकले, कारण गोल भिंतीला कोपराच नसतो त्यामुळे धक्का सगळीकडे वाटला जातो आणि छप्पर हलकं असतं, पडलं तरी माणूस मरत नाही. आईचा हात तिथल्या तिथे थांबला. आमच्याकडची घरं माळवदाची होती. दगडाच्या रुंद भिंती, त्या पण मातीत रचलेल्या, आणि डोक्यावर लाकडं टाकून वर फूट-दोन फूट मातीचा थर, उन्हाळ्यात गार राहावं म्हणून दर वर्षी त्यावर अजून माती टाकायची. तीच माती अंगावर आली. आई भिंतीवरून हात फिरवत एवढंच म्हणाली, "हे लोक हलकं बांधायचे."

खावड्याच्या कुंभारांकडे आम्हाला जेमतेम वीस मिनिटं दिली. हे मला अजिबात आवडलं नाही. भांडी पुरुष चाकावर घडवतात आणि रंगवतात बायका, बांबूच्या बारीक काडीने, लाल काळा पांढरा एवढेच रंग, ठिपके आणि रेघा. एक ताई ताट फिरवत फिरवत एकही रेघ न चुकता काढत होत्या, ते बघायलाच अर्धा तास हवा होता. पण ड्रायव्हर हॉर्न देत होता. ट्रिप काढणाऱ्यांनी एक ठिकाण कमी करावं पण माणसं काम करताना नीट बघू द्यावीत. भिरंडियाऱ्याला माव्यासाठी थांबलो, मावा गरम होता, खमंग, सांगलीकरांनी किलोकिलोने घेतला.

मग निरोणा. इथे रोगन कलेचं खत्री कुटुंब आहे, अब्दुल गफूर खत्रींना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली, एरंडेल तेल दोन दिवस उकळून त्याचा चिकट लगदा करायचा, त्यात रंग घालायचा आणि तळहातावर घोळवून सळईने त्याची तार कापडावर सोडायची. सळई कापडाला टेकत नाही. अर्धं चित्र काढून कापड दुमडलं की उरलेलं अर्धं उमटतं. गर्दी तिथेच होती. आई मात्र लोहारांच्या अंगणात जाऊन बसली, जिथे घंटा बनवतात.

भंगारातला लोखंडी पत्रा, तो ठोकून ठोकून गोल करायचा, तुकडे एकमेकांत अडकवायचे, वेल्डिंग नाही. मग पितळेच्या-तांब्याच्या भुकटीचा थर आणि वरून मातीचा लेप देऊन भट्टीत. बाहेर आली की माती फोडायची, आत तांबूस झळाळी. नंतरचं काम मी जवळून बघितलं. त्या दादांनी घंटा कानाजवळ धरली, लाकडी लोळी हलवून ऐकली, मान हलवली, कडेवर छोट्या हातोडीने एक टोला, परत ऐकली. परत एक टोला. आवाज खरंच बदलत होता, आधी भसाडा, मग मोकळा, मग त्यांना पाहिजे तो. बन्नीच्या, म्हणजे इथल्या गवताळ माळरानाच्या, म्हशी रात्री चरायला जातात आणि सकाळी आपल्या आपण परत येतात, अंधारात आपली म्हैस कुठे आहे हे मालधाऱ्याला, म्हणजे गुरं राखणाऱ्याला, घंटेच्या आवाजावरून कळतं, म्हणून आवाज महत्त्वाचा. आईने दहा-बारा घंटा वाजवून बघितल्या. मला वाटलं साईझ बघतेय. ती आबांच्या बैलांच्या घागरमाळेचा आवाज शोधत होती. शेवटी एक मिळाली, "हं, असा होता." भाव केला नाही, सांगितले तेवढे पैसे दिले.

अजरखपूरला पोचेपर्यंत ऊन कललं होतं. हे गाव बघायला मी खरं तर साडीसाठी आले होते, हे कबूल आहे, पण गावाची गोष्ट ऐकल्यावर साडी मागे पडली. खत्री लोक सोळाव्या शतकात सिंधमधून आले, कच्छच्या राजाने बोलावलं म्हणून, आणि धमडका गावी बसले कारण तिथे सारण नदी होती. अजरख म्हणजे यांची ठशांची कापडछपाई, तिला पाणी फार लागतं, धुवायचं, भिजवायचं, वाहत्या पाण्यात खळबळून काढायचं. पुढे नदी आटली, मग विहिरी, मग बोअर, आणि २००१ च्या भूकंपानंतर जमिनीतलं पाणीच बदललं, लोहाचं प्रमाण वाढलं. लोह जास्त झालं की लाल रंग काळपट येतो. म्हणजे घरं पडली होतीच, वर धंद्याचं पाणीही गेलं. तेव्हा समाजाने भुजजवळ नवीन जागा बघितली, आधी पाणी तपासलं, मग जमीन घेतली, आणि गावाचं नाव कलेवरूनच ठेवलं. डॉ. इस्माईल खत्रींसारख्या जाणत्या कारागिरांनी यात पुढाकार घेतला.

आईला यातलं "आधी पाणी तपासलं" हे फार लागलं. आमच्याकडेही गावं नवीन जागी वसवली, सरकारने, संस्थांनी, चांगल्या मनानेच. ओळीत प्लॉट, रुंद रस्ते, पक्की घरं. पण शेत लांब गेलं, गल्ली तुटली, शेजारी कोण कुठल्या लाइनीत गेला कळेना. माई मरेपर्यंत त्या घराला "कॉलनी" म्हणायची. आईने हे सगळं तिथल्या एका वयस्कर चाचींना सांगितलं, हिंदी तोडकीमोडकी, चाचींची कच्छी मिसळलेली, तरी दोघींचं चाललं होतं. चाचींची नात गेली भूकंपात, झेंडावंदनाला शाळेत गेली होती. दोघी एकमेकींचा हात धरून बसल्या होत्या. मी तिथून उठून छपाई बघायला गेले.

छपाईच्या लांब टेबलावर एक मुलगा ठसा ठेवायचा आणि मुठीने वरून एक ठोसा, ठप्प, पुढे, ठप्प, डोळे दुसरीकडे असले तरी जोड केसभर हलत नव्हता. सागवानी ठसे गांधीनगरजवळच्या पेथापूरचे. कापड आधी हिरड्यात भिजवून पिवळट करतात, चुना आणि डिंकाने रंग अडवतात, काळ्यासाठी गंजलेलं लोखंड आणि गूळ कितीतरी दिवस सडवून ठेवतात, त्या पिंपाजवळ आंबूस वास येत होता, मग तुरटी, नीळ, मंजिष्ठेसारखा लाल, आणि प्रत्येक पायरीनंतर धुणं आणि वाळवणं. एका कापडाला चौदा-पंधरा पायऱ्या. मी विचारलं इथलं पाणी कसं आहे आता? तो म्हणाला चांगलं आहे, पण दर वर्षी खाली चाललंय, बोअर अजून खोल मारावं लागतं. म्हणजे परत तेच. मला काय बोलावं सुचेना. एक निळी ओढणी घेतली आईसाठी, माझ्यासाठी लाल, आणि चाचींनी निघताना आईच्या हातात खजूर कोंबले.

गाडीत आई झोपेल असं वाटलं होतं, तर ती गाईडला स्मृतीवनाबद्दल विचारत होती. भुजियो डुंगरवर २००१ मध्ये गेलेल्यांचं स्मारक आहे, तिथे डोंगराच्या उतारावर पाणी अडवायला बंधारे बांधलेत आणि त्यांच्या भिंतींवर गेलेल्यांची नावं लावलीत. आईला ते बघायचंय. उद्या मांडवीचा बीच ठरला होता तो मी कॅन्सल केला, सकाळी नाश्ता करून थेट तिकडेच जाणार आहोत. चाचींच्या नातीचं नाव आईने माझ्या फोनमध्ये लिहून घेतलंय, ते शोधायचंय.