कोलोरॅडोत हवामान बघताना आधी उंची बघा

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात यायचं ठरलं की मोबाइलवर नुसतं राजधानी डेन्व्हरचं तापमान बघून बॅग भरू नका. राज्याचा पूर्वेकडचा मोठा भाग गवताळ मैदानाचा आहे, पण ते मैदानही समुद्रसपाटीपासून हजार-दीड हजार मीटरवर आहे. डेन्व्हर १,६०९ मीटरवर. तिथून आय-७० महामार्गाने पश्चिमेला निघालं की साधारण तासाभरात आयझेनहॉवर बोगदा लागतो, तो सुमारे ३,४०० मीटरवर. दर हजार मीटरला साडेसहा अंश तापमान उतरतं असा ढोबळ हिशोब धरा. डेन्व्हरला २५ अंश असेल तेव्हा बोगद्यापाशी १३ असतात, आणि वारा असेल तर अंगाला त्याहून कमी वाटतात.

हा हिशोब खोऱ्यांमध्ये फसतो. हिवाळ्याच्या निरभ्र रात्री थंड, जड हवा डोंगरउतारांवरून खाली वाहत येते आणि तळाशी साचून राहते. सॅन लुईस खोऱ्यातल्या अलामोसाला जानेवारीत पहाटे उणे १८ च्या खाली जाणं नेहमीचंच, तर त्याच वेळी वरच्या उतारावर हवा उबदार असू शकते. राज्यातल्या नीचांकी तापमानाचा विक्रमही कुठल्या शिखरावरचा नाही. १ फेब्रुवारी १९८५ रोजी वायव्येकडच्या मेबेल या गावात उणे ६१ फॅरनहाइट, म्हणजे जवळजवळ उणे ५२ सेल्सियस नोंदलं गेलं आणि हे गाव नदीच्या खोऱ्यात आहे.

म्हणून अंदाज बघायचा तो अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेच्या (नॅशनल वेदर सर्व्हिस) संकेतस्थळावर. गावाचं नाव टाकून थांबू नका, नकाशावर नेमक्या जागेवर टिचकी मारा. त्या बिंदूची उंची आणि त्या उंचीचा अंदाज समोर येतो. ट्रेकला जाणार असाल तर वाहनतळ आणि शिखर, दोन्हींवर वेगवेगळी टिचकी मारा.

उंचीनंतर बघायची वाऱ्याची दिशा. महाबळेश्वरला धो-धो पाऊस आणि पूर्वेला फलटणकडे कोरडं, हे आपल्याला ठाऊकच आहे. इथे हिवाळ्यात तोच प्रकार बर्फाचा होतो. पॅसिफिककडून आलेला ओलावा डोंगरांवरच सांडतो आणि डेन्व्हरला लख्ख ऊन पडतं. त्याच वाऱ्याचा एक अवतार म्हणजे शिनूक. डोंगर ओलांडून खाली घसरताना हवा दाबली जाते, दर हजार मीटरला सुमारे दहा अंशांनी तापते आणि कोरडी होते. सकाळचा बर्फ दुपारपर्यंत नाहीसा होतो. नवख्यांना हे सुखाचं वाटतं, पण पायथ्याशी उतरणारे असे जोरदार पश्चिमी वारे फार घातक ठरू शकतात. ३० डिसेंबर २०२१ रोजी वाळलेल्या गवतावरून वणवा पसरला आणि बोल्डरजवळच्या सुपिरिअर व लुईव्हिल परिसरात हजाराहून अधिक घरं जळाली. ऐन डिसेंबरात. सोसाट्याच्या वाऱ्याचा आणि वणव्याचा इशारा असेल त्या दिवशी फोन चार्ज, गाडीत पेट्रोल आणि कागदपत्रं एका पिशवीत, एवढं तरी हवंच.

वसंतात वारा फिरतो. मैदानावर कमी दाबाचं क्षेत्र आलं की मेक्सिकोच्या आखाताकडचा ओलावा पूर्वेकडून चढ चढत येतो. याला इथे 'अपस्लोप' म्हणतात. डेन्व्हरला सरासरीने सर्वांत जास्त बर्फ मार्चमध्ये पडतो तो यामुळेच, आणि हा बर्फ ओला, जड असतो. पालवी फुटलेल्या फांद्या त्याच्या भाराने मोडतात. झाडूने खालून वर हलकेच उचलून बर्फ पाडा. वरून फटके मारले तर फांदी तुटतेच. टोमॅटोची रोपं मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारआधी जमिनीत लावू नयेत, हा इथल्या बागवाल्यांचा नियम आम्हाला अगदी योग्य वाटतो.

दुसरं टोक सप्टेंबरचं. २०२० साली ५ सप्टेंबरला डेन्व्हरला ३८ अंश होते आणि ८ सप्टेंबरला बर्फ पडला. अशा वेळी घराबाहेरच्या भिंतीवरचा पितळी बॅकफ्लो व्हॉल्व्ह (पाणी उलटं फिरू न देणारी झडप) आधी गोठतो, कारण हिरवळीला पाणी देणारे बाकीचे पाइप जमिनीखाली असतात आणि हा उघड्यावर. आत अडकलेलं पाणी गोठून फुगतं आणि पितळ तडकतं. हिरवळीच्या पाण्याचा मुख्य नळ बंद करा, पाइपातलं पाणी काढून टाका आणि व्हॉल्व्हचे दोन्ही दांडे ४५ अंशांच्या कोनात अर्धवट उघडे ठेवा. पूर्ण बंद ठेवले तर पाणी नेमकं आतच कोंडतं. ऑक्टोबरात कॉम्प्रेसरने सगळे पाइप रिकामे करून घ्यायचे.

मेच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंत गारांचे दिवस. जमीनच उंचावर असल्याने गारेला वितळायला खाली फारसं अंतर मिळत नाही. १३ ऑगस्ट २०१९ रोजी पूर्वेकडच्या बेथ्यून गावाजवळ १२ सेंटिमीटरहून मोठ्या व्यासाची गार सापडली. गाडीचा विमा घेताना 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' भाग वगळू नका, गारांचं नुकसान त्यातच येतं. घराच्या विम्यात गारांसाठी स्वतः भरायची रक्कम बऱ्याचदा घराच्या विमा रकमेच्या टक्क्यांत असते. ते कलम सहीआधी वाचा.

जुलै-ऑगस्टमध्ये डोंगरांत सकाळ निळीशार आणि दुपारी विजा, हे जवळजवळ ठरलेलं. शिखर चढायचं तर अंधारातच निघा आणि दुपारच्या आत झाडांच्या रेषेखाली परत या. ही रेषा साधारण ३,५०० मीटरवर आहे आणि तिच्या वर आडोसा नाही.

स्वयंपाकाचं थोडक्यात: डेन्व्हरला पाणी ९५ अंशांना उकळतं, ३,१०० मीटरवरच्या लेडव्हिलला ९० च्या आसपास. डेन्व्हरला कुकरमध्येही डाळीला १५ ते २० टक्के जास्त वेळ द्या.

विमानतळावर भाड्याची गाडी घेतलीत तर निघण्याआधी टायर तपासा. आय-७० वर मॉरिसन ते डॉटसेरो या टप्प्यात १ सप्टेंबर ते ३१ मे टायरची खाच किमान ३/१६ इंच, म्हणजे जवळजवळ पाच मिलिमीटर खोल लागते. टू-व्हील ड्राइव्ह (इंजिन दोनच चाकं फिरवतं अशी गाडी) असेल तर त्यावर बर्फाला चालणारे टायर किंवा साखळ्या हव्यात. काउंटरवर विचारण्यापेक्षा खाच स्वतः मोजा, आणि कमी भरली तर तिथेच गाडी बदलून मागा.