बॅरल नवीन, बाकी रायफल जुनी : सेकंडहँड गॅरंड घेताना काय काय तपासलं

ओहायोत येऊन मला बरीच वर्षं झाली, पण नेमबाजीचा नाद कोल्हापूरचा, कॉलेजात एनसीसीच्या पॉइंट टू टू रायफलने पालथं पडून मारलेल्या गोळ्यांपासूनचा. इथल्या क्लबात दोनशे यार्डावर एम वन गॅरंड मारणारी वयस्क मंडळी बघितली आणि ती रायफल डोक्यातून जाईना. आता गॅरंड घ्यायची तर इथे सगळे सीएमपीचं नाव सांगतात, म्हणजे सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅम, त्यांचं एक ठाणं आमच्याच राज्यात कॅम्प पेरीला आहे आणि दुसरं अलाबामात अ‍ॅनिस्टनला, सैन्याने परत केलेल्या रायफली तपासून ग्रेड लावून विकतात. पण त्यांच्याकडून घ्यायला अमेरिकन नागरिकत्व लागतं आणि माझ्याकडे ग्रीन कार्ड. डीलरकडून किंवा राज्यातल्याच एखाद्या माणसाकडून ग्रीन कार्डवाला कायदेशीर घेऊ शकतो, म्हणून मी सेकंडहँडच्या वाटेला लागलो, आणि ग्रेडचा शिक्का नाही म्हटल्यावर तपासणी आपल्यालाच करायची आली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ही जॉन गॅरंड यांनी स्प्रिंगफील्ड आर्मरीत तयार केलेली रायफल, अमेरिकन सैन्याने १९३६ मध्ये घेतली, थर्टी ऑट सिक्स काडतूस, आठ गोळ्यांची क्लिप वरून दाबायची, गोळी सुटली की नळीतला थोडा गॅस पुढच्या सिलिंडरमध्ये येतो आणि ऑप रॉड नावाच्या लांब वाकड्या दांड्याला मागे ढकलतो, बोल्ट, म्हणजे गोळीमागे नळी बंद करणारा लोखंडी तुकडा, उघडतो, पुंगळी बाहेर, पुढची गोळी आत. २०२४ ला पॅरिसला आपल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने ब्राँझ आणलं तेव्हा घरून फोन आले की तू पण तसलीच मारतोस का, तर नाही, ती पॉइंट टू टू, पन्नास मीटरची, दर गोळीला हाताने बोल्ट ओढायचा. ही साडेनऊ पाउंडाची लष्करी रायफल, हिचं तंत्र वेगळं आणि झिजायच्या जागाही वेगळ्या.

क्लबातल्या एका रिटायर्ड माणसाची गॅरंड विकायला होती. रिसीव्हर, म्हणजे बॅरल आणि बोल्ट ज्यात बसतात तो मधला लोखंडी भाग, हॅरिंग्टन अँड रिचर्डसनचा, म्हणजे पन्नासच्या दशकातला, आणि त्यावर त्यांनी मॅचसाठी काही वर्षांपूर्वी क्रायटेरियन कंपनीचं नवीन बॅरल बसवून घेतलेलं. माझा मित्र, साताऱ्याचा, बरोबर आलेला, तो पहिल्यांदाच म्हणाला, "अरे नवीन बॅरल आहे ना, मग अजून काय बघायचंय तुला?" आणि इथेच बरेच लोक फसतात असं माझं ठाम मत आहे. बॅरल नवीन म्हणजे नळी नवीन, एवढंच. ते कुणी बसवलं, बोल्टशी त्याचं जमलंय का, जुना लाकडी स्टॉक नव्या नळीला नीट घेतोय का, हे सगळं वेगळं तपासावं लागतं, आणि चकचकीत बोअर, म्हणजे नळीची आतली बाजू, बघून माणूस तिकडे बघतच नाही.

सुरुवात अर्थात रायफल रिकामी आहे का हे बघण्यापासून. ऑप रॉड मागे ओढून बोल्ट उघडा अडकवायचा, चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेत, डोळ्याने बघायचं, करंगळी घालूनही बघायची. आणि बंद करताना उजव्या तळव्याची कड ऑप रॉडच्या हँडलला लावून ठेवायची, कारण आतला फॉलोअर, म्हणजे गोळ्या वर ढकलणारी पट्टी, अंगठ्याने दाबला की बोल्ट सुटून पुढे येतो आणि अंगठा चेचतो, इथे त्याला गॅरंड थंब असं नावच पडलंय. बोल्ट उघडा असतानाच बॅरलच्या उजव्या बाजूचं लिखाण वाचायचं, मूळ सरकारी बॅरल असेल तर तिथे महिना आणि वर्ष ठोकलेलं असतं, इथे क्रायटेरियनचं नाव होतं, म्हणजे ते सांगत होते ते खरं.

मग झीज. गॅरंडचा रिसीव्हर मागून बंद असतो त्यामुळे साफसफाईचा रॉड मझलकडूनच, म्हणजे तोंडाकडूनच, घालावा लागतो, आणि गाइड न लावता वर्षानुवर्षं रॉड घासला की नळीचं तोंडच झिजतं, गोळ्या भलत्या जागी जायला लागतात. म्हणून दोन गेज लागतात, एक मझलचं आणि एक थ्रोटचं, म्हणजे चेंबरच्या पुढे नळी सुरू होते तिथलं, गेजवरचा आकडा जेवढा मोठा तेवढी झीज जास्त. सीएमपीच्या सर्व्हिस ग्रेडला थ्रोट ५ च्या आत आणि मझल ३ च्या आत चालतं, ते एक माप डोक्यात ठेवायचं. आमच्या क्लबात एक जुने गनस्मिथ, म्हणजे बंदुका दुरुस्त करणारे, आहेत त्यांनी गेज आणले होते. मझल एकच्या आसपास, थ्रोट दोनच्या जरा अलीकडे. रायफल विकणाऱ्या आजोबांनी स्वतःहून डेटा बुक काढून दिलं, प्रत्येक मॅचच्या गोळ्या लिहिलेल्या, बेरीज बाराशेच्या घरात जात होती, ती या आकड्यांशी जुळली. अशी वही ठेवणारा माणूस भेटला की अर्धी काळजी मिटते, हे मी मनापासून सांगतो.

हेडस्पेस, म्हणजे बोल्ट बंद झाल्यावर चेंबरमध्ये काडतुसाला मिळणारी जागा, हा मात्र विश्वासावर सोडायचा विषय नाही. बॅरल बसवताना चेंबर त्या एका विशिष्ट बोल्टला धरून शेवटचा रीम करतात, म्हणजे कोरून मापात आणतात, नंतर कुणी बोल्ट बदलला की हिशोब पुन्हा पहिल्यापासून. गनस्मिथनी बोल्ट काढला, पुंगळी ओढणारा एक्स्ट्रॅक्टर आणि बाहेर फेकणारा इजेक्टर काढून टाकले, कारण इजेक्टरची स्प्रिंग गेजला ढकलते आणि खोटं वाटतं, मग १.९४० इंचाचा गो गेज, ज्यावर बोल्ट बंद व्हायलाच हवा, तो घालून नुसत्या बोटाच्या हलक्या दाबाने बोल्ट फिरवला, तो बंद झाला. नो गो, ज्यावर बंद होता कामा नये, तो घातला, बोल्ट अडला, जोर न करता तिथेच थांबले. त्याच वेळी बोल्टच्या लगांवर, म्हणजे खाचांत अडकणाऱ्या कानांवर, आणि रिसीव्हरच्या आतल्या खाचांत टॉर्च मारून झीज बघितली, दोन्ही लग सारखे घासलेले होते. रिसीव्हरवर मधोमध वेल्डिंगची रेघ नाही ना हेही बघून घ्या, पूर्वी सरकारने कापून भंगारात काढलेले रिसीव्हर जोडून विकले गेलेत, तसला मिळाला तर किती का स्वस्त असेना, नमस्कार करून घरी यावं.

आता बॅरल किती फिरवून बसवलंय हा प्रश्न. गॅरंडची पुढची साइट गॅस सिलिंडरवर असते आणि सिलिंडर बॅरलच्या खाचांवर बसतो, त्यामुळे बॅरल थोडं कमी किंवा जास्त घट्ट झालं असेल तर साइट एका बाजूला कलते. गंमत अशी की पुढची साइट सरकवता येते, म्हणजे कल झाकताही येतो. म्हणून मागच्या साइटचा विंडेज, म्हणजे डावी-उजवीकडची सेटिंग, मधल्या रेषेवर आणायचा आणि पुढच्या साइटचा पाया सिलिंडरच्या कडेबरोबर आहे का बघायचं. इथे पाया डावीकडे जाड पुठ्ठ्याएवढा बाहेर आलेला होता. मी आजोबांना विचारलं तर ते म्हणाले हो, पहिल्यापासून तसंच आहे, झिरो, म्हणजे गोळी नेमक्या जागी लागते ती सेटिंग, मात्र मध्यापासून दोन क्लिकच्या आत येतो. हे मी नंतर रेंजवर पडताळलं, खरं निघालं. एवढा फरक मला चालतो, पण विंडेज एका टोकाला नेऊन झिरो होत असेल तर ती रायफल नको, कारण वारा सुटला की तुमच्याकडे त्या बाजूला क्लिकच उरत नाहीत. मागची साइट उंच करून अंगठ्याने जोरात खाली दाबली, सरकली नाही. गॅस सिलिंडर हाताने हलवून बघितला, घट्ट.

यापुढची चाचणी मला सगळ्यात आवडते, साधी आहे आणि खोटं बोलत नाही. ऑप रॉडची स्प्रिंग काढून टाकायची, बाकी रायफल पूर्ण जोडायची आणि हातात धरून पुढेमागे कलती करायची. ऑप रॉड आणि बोल्ट स्वतःच्या वजनाने सरसर पुढे मागे गेले पाहिजेत. आमचा दांडा अर्ध्यात अडला, थोडा धक्का दिला की पुढे. परत केलं, परत तिथेच. मित्र म्हणाला दांडा वाकलाय. तशी शक्यता असतेच, शिकारीची जड कमर्शियल काडतुसं मारली की गॅसचा दाब वाढतो आणि ऑप रॉड वाकतो, पण लगेच निकाल द्यायचा नाही. गनस्मिथनी ट्रिगर ग्रुप आणि स्टॉक काढून नुसतं लोखंड हातात घेतलं आणि तीच चाचणी केली. दांडा लोण्यातून सुरी जावी तसा गेला! म्हणजे दांडा सरळ, अडथळा लाकडाचा. स्टॉकच्या पुढच्या भागात आत बघितलं तर लाकडावर बोटभर लांबीची काळी चकाकती घासलेली रेघ, आणि ऑप रॉडवर त्याच जागी पार्करायझिंग, म्हणजे गंज रोखणारा थर, उडालेलं.

ऑप रॉडचं पुढचं, गॅसचा दाब झेलणारं पिस्टनचं टोक मायक्रोमीटरने मोजलं, ते ०.५२५ इंचाच्या खाली गेलं की गॅस निसटतो, हे बरोबर त्याच्या वर होतं. स्प्रिंग सरळ ठेवून मोजली, १९ इंचांपेक्षा जरा कमी भरली, म्हणजे बदलायची, स्वस्तातली वस्तू आहे. चापाला साडेचार पाउंडाचं वजन टांगून बघितलं, उचललं. सेफ्टी लावून चाप दाबला, घोडा पडला नाही, सेफ्टी काढल्यावरही आपोआप पडला नाही. चाप दाबून धरून बोल्ट ओढला सोडला, मग चाप हळू सोडला, घोडा अडकूनच राहिला. हे सगळं रिकाम्या रायफलवर आणि नळी सुरक्षित दिशेला धरून, हे सांगायला नकोच.

ट्रिगर गार्ड बंद करताना शेवटी चांगला जोर लागला, म्हणजे रिसीव्हर लाकडात घट्ट बसतोय. पण स्टॉकच्या पुढच्या टोकाची लोखंडी टोपी, म्हणजे फेरुल, आणि बॅरलवरचं कडं, म्हणजे लोअर बँड, यांच्या समोरासमोर कागदाची पट्टी सरकवायला गेलो तर जाईना. तिथे फट हवी. गनस्मिथ म्हणाले, "नवीन बॅरल लावलं, पण लाकूड कुणी बघितलंच नाही." मला वाटतं अख्ख्या तपासणीतलं हे एक वाक्य लाखाचं होतं.

रेंजवर मारायला आजोबांनी आनंदाने दिली. मी एम टू बॉल या लष्करी काडतुसाच्या तोडीची काडतुसं नेली, १५० ग्रेनची, गॅरंडसाठीच बनवलेली. दोनशे यार्ड, पालथं, संथ. पहिल्या पाच गोळ्या छान एकत्र, तळहाताने झाकतील अशा, आणि नळी तापायला लागली तसे पुढच्या सगळ्या एकावर एक वर चढत गेल्या, डावीउजवीकडे काहीच नाही, नुसती उभी रांग. बॅरल खराब असतं तर गोळ्या चहूकडे पांगल्या असत्या, उभी रांग म्हणजे तापून लांब होणारी नळी पुढे कशाला तरी टेकतेय, आणि ते कशाला हे त्या कागदाच्या पट्टीने आधीच सांगितलं होतं. पुंगळ्या गोळा केल्या, प्राइमर व्यवस्थित, बुडाजवळ चकचकीत कडं नाही, आतून वाकवलेली तार फिरवून बघितली, कुठे खाच लागली नाही. हेडस्पेसचं उत्तर पुंगळ्यांनीही तेच दिलं.

मग भाव. मी आजोबांना सगळं जसंच्या तसं सांगितलं, रेघ दाखवली, टार्गेट दाखवलं. त्यांनी वाद न घालता दोनशे डॉलर कमी केले. मला ही पद्धत बरी वाटते, दोष दाखवून भाव पाडण्यापेक्षा दोष दुरुस्त करायला किती लागेल ते धरून बोलायचं. एकाच राज्यातले असल्याने डीलर लागत नव्हता, पण दोघांनाही कागद हवा होता म्हणून दुकानातून व्यवहार केला, तिथे ४४७३ फॉर्म, म्हणजे बंदूक खरेदीचा सरकारी अर्ज, भरायचा, ग्रीन कार्डवाल्यांना त्यात एलियन नंबर लिहावा लागतो, कार्ड बरोबर ठेवा नाहीतर परत घरी जावं लागेल.

गनस्मिथनी नंतर स्टॉकमधलं ते घासणारं लाकूड थोडं थोडं खरवडलं, दर वेळी जोडून कलती चाचणी घेत, फेरुलची समोरची बाजू कागद जाईल एवढी मोकळी केली, मी नवीन स्प्रिंग टाकली. आता दहाच्या दहा गोळ्या दोनशे यार्डावर चार इंचांच्या आसपास बसतात आणि तापल्यावर वर चढत नाहीत. कॅम्प पेरीच्या गॅरंड मॅचमध्ये याच अंतरावर तीस गोळ्यांचे ३०० गुण असतात, दहा पालथं संथ, दहा पालथं जलद, दहा उभ्याने. उभ्याने माझे गुण अजून फार जातात, त्यात रायफलचा काही संबंध नाही, त्यासाठी रोज संध्याकाळी तळघरात रिकाम्या रायफलने उभा राहून चाप ओढायचा सराव चालू केलाय.