वरचा ओठ उचलून बघा

नागपुरात मानेवाड्याला माझं पाळणाघर आहे. सकाळी आया गाडीवरूनच डबा, कपडे आणि दुधाची बाटली हातात देतात, आणि सोबत सूचना असते, "ताई, झोपवताना तोंडात द्या, लगेच झोपते." मी तशी देत नाही. लेकराला बसवून, जागेपणी दूध पाजते, वरून दोन घोट पाणी देते आणि मग झोपवते. नवीन लेकरू पहिला आठवडा रडतं, पण नंतर सवय होते.

एवढा हट्ट का, ते सांगते. जागेपणी लाळ दात धूत असते, झोपेत ती कमी होते. बाटलीतलं दूध मग वरच्या पुढच्या दातांभोवती साचून राहतं आणि तोंडातले जंतू त्यातल्या साखरेचं आम्ल करतात. दुधात वरून साखर घातली असेल तर विचारूच नका. दुधाच्या दाताचं कवच पक्क्या दातापेक्षा पातळ, कीड आत शिरायला वेळ लागत नाही. खालचे पुढचे दात बरेचदा वाचतात, कारण चोखताना जीभ त्यांच्यावर येते.

म्हणून बघायचं ते वर. दोन मोठी माणसं गुडघ्याला गुडघा लावून समोरासमोर बसा. लेकराचं डोकं एकीच्या मांडीवर, पाय दुसरीकडे. तोंडावर खिडकीचा उजेड हवा. वरचा ओठ बोटानं उचला आणि दात स्वच्छ फडक्यानं पुसा. ओल्या दातावर काही कळत नाही. हिरडीला लागून खडूसारखा पांढरा, निस्तेज पट्टा दिसला तर ती किडीची सुरुवात. इथे ती थांबवता येते. दंतवैद्य दात मजबूत करणाऱ्या फ्लोराइडचा लेप लावतात, घरी बाटली आणि ब्रश सांभाळावा लागतो. पट्टा तपकिरी होऊन खड्डा पडला, की काम वाढलं.

घ्यायला आलेल्या एखाद्या आजीला हे दाखवलं की उत्तर ठरलेलं, "दुधाचेच तं आहेत, पडणारच आहेत न!" आजी, पुढचे दात सहा-सात वर्षांत पडतात, कबूल. पण मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. तोवर पोळी चावायची ती त्यांनीच. दाढ ठणकली की लेकरू जेवत नाही, रात्रभर झोपत नाही. ती वेळेआधी काढावी लागली तर शेजारचे दात सरकतात आणि खालून येणाऱ्या पक्क्या दाताची जागा जाते.

पहिला दात साधारण सहाव्या महिन्यात येतो, ब्रश तेव्हापासूनच. तीन वर्षांपर्यंत फ्लोराइडची पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी. ब्रश मोठ्यांनी फिरवायचा, सात-आठ वर्षांचं होईपर्यंत. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त असतं, आणि जास्तीचं दातांना बाधतं. लेकरू तिकडे राहत असेल तर पेस्ट कोणती, ते दंतवैद्यांना विचारून ठरवा.

आपल्या नागपूरच्या मे महिन्यात अजून एक गोष्ट होते. ऊन लागू नये म्हणून सरबताची सिपर बाटली दिवसभर लेकराच्या गळ्यात. गोड घोटानंतर तोंड सावरायला लाळेला अर्धा तास तरी लागतो, आणि हे दर दहा मिनिटांनी एक घोट घेतं! सरबत जेवणासोबत द्या, बाटलीत माठाचं पाणी भरा.

पहिला वाढदिवस होईपर्यंत एकदा दंतवैद्यांकडे नेऊन आणा, दुखत नसलं तरी. खासगी परवडत नसेल तर मेडिकल म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, त्याच्याजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात लहान मुलांच्या दातांचा वेगळा विभाग आहे.

आणि ज्यांची मुलं सहाची होत आली, त्यांनी जिभेच्या टोकाकडे नाही, पार मागे बघा. शेवटच्या दुधाच्या दाढेमागे एक नवी दाढ येते. ती येताना काहीच पडत नाही, त्यामुळे घरात कुणाला पत्ता लागत नाही आणि तिलाही दुधाची समजून सोडून देतात. ती पक्की आहे. ब्रश तिथपर्यंत पोचवा.